गाडी सगळ्यांची, घाई एकटीची



गेल्या आठवड्यात कराडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. अक्षर सुरेख, मजकूर मात्र काळजीचा. लेकीचं पहिलं बाळंतपण परदेशात आहे आणि आईनं जायचं ठरलंय. यजमानांना रजा नाही, घरी सासूबाईंचं पथ्यपाणी आहे, म्हणून या एकट्याच निघणार. विमान मुंबईहून, तेही रात्रीचं. आदल्या दिवशी पुण्याला येऊन हॉटेलात मुक्काम करायचा आणि तिथून शेअरिंगच्या गाडीनं मुंबईचा विमानतळ गाठायचा, असा बेत मुलानं आखून दिलाय. त्या लिहितात, "विमानाची मला भीती नाही. तिथं एकदा बसलं की झालं. पण पुण्याहून मुंबईपर्यंत चार परक्या माणसांबरोबर एका गाडीत? कोण असतील, कुठे थांबतील, मला वेळेवर पोचवतील ना? मुलाला विचारलं तर म्हणतो, आई, तू उगीच काळजी करतेस."

उगीच नाही हं! काळजी करायलाच हवी, फक्त ती योग्य ठिकाणी करायला हवी. आपण बायका अशा प्रवासात भितो ती सोबतच्या माणसांना. खरं भ्यायचं असतं ते घड्याळाला. हे मी ऐकीव सांगत नाही. २०१७ साली मी स्वतः अशाच गाडीतून गेले होते आणि त्या प्रवासात जे घडलं त्यात चूक माझी होती. ते पुढे सांगतेच. आधी ही गाडी म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

वाटून भाडं देऊन पुण्याहून मुंबईला जायचं, ही पद्धत काही आजची नाही. पुणे स्टेशनवरून दादरला सुटणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तुमच्यापैकी कितीतरीजणींना आठवत असतील. प्रवासी भरले की टॅक्सी निघायची, तोवर "दादर, दादर" असा पुकारा चालू. विमानतळाची शेअर गाडी ही तिचीच धाकटी बहीण. पण दोघींत एक मोठा फरक आहे. दादरच्या टॅक्सीत प्रवासी गाडीपाशी यायचे, इथे गाडी प्रवाशांपाशी जाते. एकीला हडपसरला घ्यायचं, दुसरीला तुमच्या हॉटेलच्या दारात, तिसऱ्याला औंधला, आणि मग कुठे एक्स्प्रेस वे. मुंबईत पोचल्यावरही एकाला एका टर्मिनलवर सोडायचं, दुसऱ्याला दुसऱ्या. अंतर म्हणाल तर साधारण दीडशे किलोमीटर. पण त्या दीडशे किलोमीटरांत चार-पाच घरांची घड्याळं असतात आणि त्यातलं जे सर्वांत मागे, त्यावर सगळी गाडी चालते!

शेअर की स्वतंत्र?

हा पहिला प्रश्न. एकटी बाई असेल, सामान बेताचं असेल आणि हाताशी वेळ असेल, तर शेअर गाडी उत्तम. पैसे वाचतात आणि सोबतही होते. रात्रीच्या वेळी अनोळखी ड्रायव्हरबरोबर एकटीनं जाण्यापेक्षा आणखी तीन-चार प्रवासी गाडीत असलेले मला तरी बरे वाटतात.

पण घरातली तीन-चार माणसं मिळून निघणार असाल तर आधी गुणाकार करा. चार सीटांचे पैसे मोजून पुन्हा दुसऱ्यांच्या दारात ताटकळायचं, त्यापेक्षा तेवढ्यात किंवा थोड्या जास्तीत स्वतंत्र गाडी मिळते का, ते विचारून बघा. लहान मूल बरोबर असेल, नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस असेल, किंवा विमान चुकलं तर परीक्षा, नोकरी, व्हिसा असं काही हातचं जाणार असेल, तर काटकसर दुसरीकडे करा, इथे नको.

तिसरा एक मार्ग लोकांच्या ध्यानात येत नाही. पुण्याऐवजी मुक्काम मुंबईतच विमानतळाजवळ करायचा. आदल्या दिवशी उजेडात, सावकाश मुंबईला पोचायचं. तिथल्या काही हॉटेलांची स्वतःची गाडी विमानतळापर्यंत सोडते. तीही सगळ्यांची मिळूनच असते, पण रस्ता थोडा आणि घाट मागे पडलेला. खोली ठरवतानाच विचारा, की गाडी आहे का, तिचे वेगळे पैसे पडतात का, ती ठराविक वेळांनाच सुटते की बोलावू तेव्हा, आणि रात्री असते का. "गाडीची सोय आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. सोय आहे, पण पहाटे सहानंतर, असंही असतं!

हिशेब उलट्या बाजूनं

सणाला पुरणाचा स्वयंपाक असला की आपण काय करतो? बाराला पानं वाढायची, म्हणजे अकराला पोळ्यांना हात घालायचा, म्हणजे दहाला पुरण वाटून तयार हवं, म्हणजे डाळ केव्हा शिजायला टाकायची ते आपोआप ठरतं. विमानाचाही हिशेब असाच शेवटाकडून मांडायचा.

तिकिटावरची वेळ असते विमान सुटण्याची. सामान देऊन बोर्डिंग पास घ्यायची खिडकी त्याच्या पुष्कळ आधी बंद होते. परदेशी जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत बहुतेक कंपन्या साधारण एक तास आधी ती बंद करतात. देशातल्या देशात जाणाऱ्यांनीही तासाभराचाच हिशेब धरावा. खिडकी बंद झाली की समोर विमान उभं दिसत असलं तरी आत घेत नाहीत. तेव्हा आपली खरी वेळ ती, सुटण्याची नव्हे.

आता उदाहरणच घेऊ. समजा, तिकिटावर लिहिलंय १२ तारीख, ०२.१०. म्हणजे रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. खिडकी बंद होणार एक-दहाला. शिवाय दारात रांग, आत रांग, पुढे पासपोर्टाची रांग, म्हणून तीन तास आधी, अकराच्या सुमाराला आपण दारात हवं. पुण्याहून रस्ता मोकळा असला तर साडेतीन-चार तास. शनिवार-रविवार, जोडून आलेल्या सुट्ट्या, पावसाळ्यातला खंडाळ्याचा घाट आणि तिथे बंद पडलेला एखादा ट्रक, यांच्यासाठी तासभर. बाकीच्या प्रवाशांना घेण्या-सोडण्यात अर्धा तास. म्हणजे संध्याकाळी साडेपाचला तुम्ही पुण्यात गाडीत बसलेल्या हव्यात.

आणि संध्याकाळ कुठल्या तारखेची? अकरा तारखेची! इथे भल्याभल्यांचं चुकतं. विमान बारा तारखेचं म्हणून गाडीही बारा तारखेची सांगून ठेवतात आणि विमान आदल्या रात्रीच निघून गेलेलं असतं. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, एवढी साधी गोष्ट. पण "रात्री दोनचं विमान" म्हटलं की आपल्या मनात ती रात्र त्याच दिवसाची असते. म्हणून गाडी ठरवताना वार आणि तारीख दोन्ही सांगा: "अकरा तारखेला, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला" असं. वार बोलला की चूक लगेच पकडली जाते.

माझी बावीस मिनिटं

आता कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट.

२०१७ च्या हिवाळ्यात मीही लेकीकडेच निघाले होते. आम्ही साताऱ्याकडचे. ह्यांनी मला दुपारी पुण्यात आणून स्टेशनजवळच्या एका लॉजवर सोडलं आणि ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. माझं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एकचं. शेअर गाडीवाल्यांनी सांगितलं, "पहाटे साडेतीनला तयार राहा." एवढ्या लवकर कशाला, असं मनात आलं, पण त्यांच्याकडे तीच गाडी होती.

साडेतीनच्या ठोक्याला गाडी दारात आली. मी तयार होते, सामान खाली आणलं होतं. फक्त बिल द्यायचं राहिलं होतं. रात्रीच्या पोराला झोपेतून उठवलं, त्यानं वही काढली, तर माझ्या नावावर दोन जेवणं! मी घरून दशम्या आणल्या होत्या, त्यांच्या जेवणाला हातही लावला नव्हता. एकशे ऐंशी रुपये. मी कशी सोडते? त्याला मागची पानं उलटायला लावली, शेजारच्या खोलीच्या नोंदी काढायला लावल्या, वरच्या मजल्यावरून मॅनेजरला बोलावलं. शेवटी चूक त्यांचीच निघाली. एकशे ऐंशी रुपये कमी करून घेतले आणि मी विजयी मुद्रेनं गाडीत येऊन बसले. तीन बावन्न झाले होते.

गाडीत आधीपासून एक मुलगी बसलेली होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. सोलापूरकडची. नर्सिंग शिकलेली, आखातात नोकरीवर रुजू व्हायला निघालेली, पहिल्यांदाच. तिला तीन वाजता हडपसरहून घेतलं होतं. माझ्याकडे बघून ती कसनुसं हसली आणि घड्याळ पाहिलं.

पुढे शिवाजीनगरला एक विद्यार्थी. तो झोपूनच राहिला होता. त्याला फोन करकरून उठवण्यात पंधरा मिनिटं गेली. औंधला एक वयस्कर जोडपं. सामान एवढं की वर कॅरिअरवर बांधावं लागलं, त्यात आणखी पंधरा. मुलगी हळूच ड्रायव्हरला म्हणाली, "काका, माझं दहा-पाचचं विमान आहे." तो म्हणाला, "पोचवतो ताई." आणि मी, शहाणी, हसून म्हणाले, "अगं पोचशील. विमान काय पळून जातंय?"

घाटात ट्रक आडवा झाला होता. तासाभराहून जास्त आम्ही एका जागी. घाट उतरल्यावर फूड मॉलला चहासाठी गाडी थांबली. कुणी म्हणालं नाही की नको थांबूया. मलाही चहा हवाच होता. वीस मिनिटं. त्या मुलीनं डबा उघडला, आईनं दिलेली पोळी आणि शेंगदाण्याची चटणी आधी मला दिली, मग स्वतः घेतली. घास काही तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

नऊ-पाचला तिची खिडकी बंद होणार होती. टर्मिनलच्या दारात गाडी थांबली तेव्हा सव्वानऊ झाले होते. तिनं बॅग ओढून घेतली आणि पळत सुटली. पासपोर्ट हातात धरून दारातल्या रांगेत ती लोकांना विनवत पुढे सरकताना दिसली, एवढंच. तिला विमान मिळालं का, हे मला आजतागायत माहीत नाही. तिचा फोन नंबर घ्यायचंही मला सुचलं नाही.

विमानात बसल्यावर मी हिशेब मांडला. घाटातला ट्रक कुणाच्या हातचा नव्हता. पण लॉजमधली माझी बावीस मिनिटं, विद्यार्थ्याची पंधरा, जोडप्याची पंधरा, चहाची वीस, ही बहात्तर मिनिटं आमची होती. प्रत्येकाला आपापली वाटणी क्षुल्लक वाटत होती. मला तर माझी रास्तच वाटत होती, कारण वहीतला हिशेब माझाच बरोबर होता ना! बहात्तर मिनिटं आधी पोचलो असतो तर ती मुलगी रांगेत शांतपणे उभी राहिली असती.

तेव्हापासून मी एक मनाशी पक्कं केलंय. शेअर गाडीत बसताना आपल्या विमानाची वेळ धरून चालायचं नाही. गाडीतल्या सर्वांत आधीच्या विमानाची वेळ ती आपली वेळ. तुम्ही म्हणाल, ती कशी कळणार? विचारल्यावर कळते. गाडीत बसल्या बसल्या, नमस्कार-चमत्कार झाले की विचारायचं, "आपल्यात सगळ्यांत लवकरचं विमान कुणाचं?" एका वाक्याचं काम. ती वेळ सगळ्यांच्या कानावर पडली की चहा घ्यायचा की नाही, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्या दिवशी हे वाक्य मी म्हणायला हवं होतं. गाडीत तिला घेऊन बोलू शकेल अशी वयानं मोठी बाई मीच होते.

फोनवर काय विचाराल

गाडी मुलानं ठरवली असली, तरी आदल्या दिवशी एक फोन स्वतः करा. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि विचारा.

माझ्या आधी आणि माझ्यानंतर किती ठिकाणी गाडी थांबणार? सीट कोणती? मागच्या आडव्या-उभ्या सीटवर घाटात मळमळतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी मधली रांग आधीच मागून घ्यावी. शेजारी बाई-प्रवासी देता येईल का, असंही नि:संकोच विचारावं. सामान किती चालतं? हा प्रश्न फार महत्त्वाचा. विमानकंपनीनं दोन मोठ्या बॅगा नेऊ दिल्या, म्हणून गाडीवाला नेऊ देईल असं नाही. पुष्कळदा एका सीटमागे एक मोठी बॅग आणि एक हातातली, एवढंच धरलेलं असतं. जास्तीची आधी सांगितली तर सोय होते, दारात सांगितली तर वाद होतो. पावसाळ्यात बॅग टपावर जाण्याची शक्यता असते, तेव्हा आतले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मगच भरावेत.

आणि विमानतळ कोणता, टर्मिनल कोणतं, हे तुम्ही त्यांना सांगा. पूर्वी "मुंबई एअरपोर्ट" म्हटलं की भागायचं. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी सुरू झालाय. तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरं असतात ती बघा. बी-ओ-एम म्हणजे मुंबई, एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई, आणि पी-एन-क्यू म्हणजे आपलं पुणं, लोहगावचं. मुंबईतही टर्मिनल दोन अंधेरीच्या बाजूला, सहारला, आणि टर्मिनल एक विलेपार्ल्याच्या अंगाला. एकावरून दुसरीकडे पायी जाता येत नाही, पुन्हा गाडी करावी लागते.

हॉटेलातली रात्र

बिल रात्री जेवण झाल्याबरोबर चुकतं करा, पावती पर्समध्ये टाका. वाद घालायचा तर तेव्हा घाला, भरपूर वेळ असतो! (माझ्यासारखं पहाटे नको.) ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, ती त्यांनी घेतली असेल, पण मूळ कागद परत घेतलाय ना, ते बघा. पहाटे निघायचं असेल तर खालचं शटर कोण उघडणार, लिफ्ट चालू असते का, हे विचारून ठेवा. गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी उभी राहते, तेही उजेड असतानाच बघून घ्या. एकाच नावाची दोन-दोन लॉज असतात, म्हणून गाडीवाल्याला नावाबरोबर जवळची खूण सांगा: समोर अमुक शाळा, शेजारी तमुक बँक.

सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी सामानासह खाली येऊन बसा. खोलीतून निघताना तीन जागा बघायच्या: उशीखाली, न्हाणीघरात आणि चार्जरच्या पिनेपाशी. पासपोर्ट, तिकीट आणि चष्मा हातातल्या पर्समध्ये. मोठ्या बॅगेत घालून ती टपावर बांधली, असं होऊ देऊ नका.

बॅगांवरून आठवलं. लेकीसाठी आपण काय काय बांधून नेतो! लोणचं, तूप, डिंकाचे लाडू. तूप-लोणचं हातातल्या पिशवीत नको. १०० मिलिलिटरच्या वरचे पातळ पदार्थ तपासणीत काढून टाकायला लावतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच बॅगेत नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे विमान-वाहतुकीच्या नियमांत ते पेट घेऊ शकणाऱ्या जिनसांत धरतात. मोबाइलची पॉवर बँक उलट हातातल्याच पिशवीत हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. हे सगळं घरी नीट केलं नाही, तर विमानतळाच्या दारात बॅग उघडून बसावं लागतं आणि गाडीनं वाचवलेला वेळ तिथे जातो.

गाडीत बसल्यावर

गाडी आली की आधी नंबर बघा, मग बसा. ड्रायव्हरचं नाव, मोबाइल आणि गाडीचा नंबर घरी कळवा. मोबाइलवरून आपण कुठे आहोत ते घरच्यांना दिसत राहतं, तशी सोय मुलाकडून लावून घ्या आणि निघण्यापूर्वी एकदा करून बघा. काही वावगं वाटलंच तर ११२ हा नंबर फिरवायचा, तो पोलिसांचा, देशभर चालतो. एवढं केलं की मग निर्धास्त बसा. आपल्यासारखीच कुणाची आई, कुणाची लेक, कुणाचा मुलगा गाडीत असतो.

आता एक नाजूक गोष्ट, पण बोललीच पाहिजे. वाटेत लघवीला जावं लागेल, या संकोचानं आपल्या कितीतरी बायका आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. मग घाटात डोकं चढतं, विमानात पाय सुजतात. असं करू नका. पाणी थोडं थोडं पीत राहा. एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलला स्वच्छतागृहं आहेत. गाडी सुटतानाच ड्रायव्हरला सांगा, "एकदा थांबावं लागेल, पाच मिनिटं." त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि ती मिनिटं कुणाच्या हिशेबाबाहेरची नाहीत. ज्यांना घाट लागतो त्यांनी निघताना तेलकट खाऊ नये, पर्समध्ये आलेपाक किंवा आवळा सुपारी आणि एक कोरी प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी.

आपण बायका वाटेल तिथे जुळवून घेतो. मागच्या कोपऱ्यात दाबून बसवलं तर बसतो, गाडी चुकीच्या रस्त्यानं चाललीय असं वाटलं तरी गप्प राहतो, उशीर होतोय हे दिसत असून "कसं बोलायचं?" म्हणत राहतो. ती सोलापूरची मुलगी एकदाच बोलली आणि आम्ही तिला गप्प केलं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. तुमचं विमान आधीचं असेल तर स्पष्ट सांगा, "चहाला थांबू नका, मला अमुक वाजता आत असायलाच हवं." आणि विमान दुसरीचं आधीचं असेल, तर तिच्या वतीनं तुम्ही बोला.

विमानतळावर उतरलात की आपल्या बॅगा मोजून घ्या, टपावरची विसरू नका. दारात जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो, ते हातात धरूनच उतरा. मोबाइलवरचं तिकीट ऐन वेळी उघडत नाही, म्हणून कागदावरची एक प्रत असलेली बरी. आत गेल्यावर घरी एक फोन करा. घरच्यांचा जीव तोवर टांगणीला लागलेला असतो.

तर कराडच्या मैत्रिणी, तुम्ही शेअर गाडीनं खुशाल जा. परक्या माणसांची भीती नको. बिल आदल्या रात्री द्या, खाली आधी येऊन बसा आणि गाडीत चढल्यावर तो एक प्रश्न जरूर विचारा. पोळी-चटणी थोडी जास्त बांधून घ्या, वाटेत कुणाला तरी लागतेच. लेकीला आणि येणाऱ्या बाळाला माझे आशीर्वाद सांगा. पोचल्यावर दोन ओळी लिहा: किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात आणि गाडीत कोण भेटलं.